मदत हवी आहे: अंतराळ वसाहतीचं मॉडेल, सिलिंडर आडवा होतोय (अर्जंट)

खाडीपलीकडचा:
भाचीचं तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आहे. फिरत्या अंतराळ वसाहतींचे आकार असा विषय घेतलाय तिने, टोरस म्हणजे चाक, मग गोल आणि सिलिंडर, तिन्ही फिरवून दाखवायचे. चाक आणि गोल मस्त फिरतात पण सिलिंडर चालू केला की आधी डुगडुगतो मग सरळ आडवाच होतो आणि बाजूच्या स्टँडवर आपटतो. मोटर बदलून बघितली, तेच. सोमवारी न्यायचंय, पटकन सांगा, थिअरी नको.

रापण:
तुका नेमका काय व्हया ता सांग मरे. सिलिंडर म्हणजे ग्यासचो?

काजूगर:
मोटरचाच घोळ आहे. बारा व्होल्टची गिअरवाली घ्या, स्पीड कमी ठेवा, कणकवलीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळेल. मी गणपतीच्या देखाव्यात तीच लावतो, दहा दिवस चालते, कुरकुर नाही.

खाडीपलीकडचा:
मोटर बदलली असं वर लिहिलंय.

गुहागरी_गडी:
शाफ्टवर घट्ट बसवलाय की टांगलाय? आणि सिलिंडर कसला, केवढा?

खाडीपलीकडचा:
टांगलाय, अजून कसा. वर मोटर, तिला तंगूस म्हणजे नायलॉनचा दोरा, खाली पाइप. पीव्हीसीचा.

गुहागरी_गडी:
केवढा???

हापूसवाला:
विषय छान आहे पण भाचीला आधी हे सांगा की अंतराळ स्थानक पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या बाहेर आहे म्हणून तिथे माणसं तरंगतात. परीक्षक पहिलं तेच विचारतात.

निवृत्त_मास्तर:
कृपया असलं काही सांगू नका मुलीला. स्थानक साधारण ४०० किमी वर आहे आणि तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात, सतत, म्हणून तरंगतात.

हापूसवाला:
पडतायत तर खाली का येत नाहीत मग मास्तर

निवृत्त_मास्तर:
कारण आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर आहे. पडतात, पण पृथ्वी तेवढीच खाली वळत जाते. वेगळा धागा काढा.

खाडीपलीकडचा:
माझा पाइप राहिला बाजूलाच. चार इंची आहे, लांबी दीड फूट असेल, पाण्याच्या लाइनचा उरलेला.

गुहागरी_गडी:
हे आधी सांगितलं असतं तर काजूगरची मोटर वाचली असती. तुझं मॉडेल बिघडलेलं नाहीये, बरोबर वागतंय. लांबडी वस्तू लांबीच्या अक्षाभोवती फिरवली आणि तिच्यात थोडी जरी लवचिकता असली, आत काही हललं, तर हळूहळू ऊर्जा जाते आणि ती आडवी होऊन फिरायला लागते कारण तो तिचा स्थिर अक्ष. अमेरिकेचा पहिला उपग्रह एक्स्प्लोरर १, १९५८ चा, पेन्सिलीसारखा लांब होता, त्याच्या लवलवत्या अँटेनांनी असंच केलं, लांबीभोवती फिरवलेला तो आडवा गरगरायला लागला. घरी खात्री करायची तर बांगडीला कडेला तंगूस बांध आणि जोरात फिरव, उभी लटकलेली बांगडी उचलली जाऊन आडवी होईल. म्हणून चाक स्थिर आणि तुझा पाइप नाही.

निवृत्त_मास्तर:
थोडी दुरुस्ती. टांगलेल्या पाइपला मोटर वरून ऊर्जा देत राहते, अंतराळात तशी कोणी देत नाही, त्यामुळे कारण तंतोतंत तेच नाही. कल तोच आहे.

काजूगर:
एवढं कशाला? दोन्ही टोकांना बेअरिंग द्या, आडवा ठेवून फिरवा, विषय संपला.

गुहागरी_गडी:
अंतराळात बेअरिंग कोण धरून उभा राहणार, तुम्ही? पाइप कापायचा. कल्पना वन नावाची वसाहतीची कागदावरची रचना आहे, कल्पना चावलांच्या नावाची, तिची त्रिज्या २५० मीटर आणि लांबी फक्त ३२५, ती मुद्दाम अशी बुटकी ठेवलीय याच कारणाने. उघड्या पाइपला लांबी व्यासाच्या साधारण १.२ पटीच्या आत पाहिजे, टोकं बंद केली तर अजून आखूड. तू तीन इंचाचा तुकडा काप आणि तोच टांग.

निवृत्त_मास्तर:
पण मग ओ'नील चूक होते का? प्रिन्स्टनचे प्राध्यापक, अशा फिरत्या वसाहतींची कल्पना मांडणारे. त्यांचा मोठा सिलिंडर ८ किमी व्यासाचा आणि ३२ किमी लांब, म्हणजे व्यासाच्या चौपट. त्यांनी दोन सिलिंडर शेजारी जोडून उलटसुलट फिरवले, दोघांचे कोनीय संवेग, म्हणजे फिरण्याचा जोर, एकमेकांना खोडतात आणि जोडी सूर्याकडे वळवता येते. भाचीने जोडी करावी. पाइप दीड फुटाचा आहेच, नऊ-नऊ इंचाचे दोन होतील.

गुहागरी_गडी:
मास्तर, सोमवारपर्यंत?? जोडणीचा सांधा अडकला की दोन्ही गेले. बुटका एकटा बरा.

काजूगर:
आकार सगळे एका मापात केलेत का पण? १ सेंमी म्हणजे १०० मीटर धरा. स्टॅनफर्डचं चाक, १९७५ च्या नासाच्या अभ्यासातलं, १० हजार माणसांचं, १८ सेंमीचं होईल. कल्पना वन ५ सेंमी. आणि मास्तरांचा सिलिंडर ८० सेंमी जाड, सव्वातीन मीटर लांब, आणा आता एसटीतून.

खाडीपलीकडचा:
माप आपलं अंदाजपंचेच आहे. चाक सगळ्यात मोठं ठेवलंय, दिसायला बरं म्हणून.

गुहागरी_गडी:
मग पाटीवर 'माप एक नाही' असं लिही, नाहीतर परीक्षक तेच धरून बसतील. आणि आकड्यांत फेरे नक्की टाक. वसाहत फिरली की आतली माणसं कडेच्या भिंतीला दाबली जातात, तेच त्यांना वजन वाटतं. मिनिटाला एक फेरा असेल तर पृथ्वीइतकं वजन जाणवायला ८९४ मीटर त्रिज्या लागते, दोन फेऱ्यांना २२४, चार फेऱ्यांना ५६ च. छोटी वसाहत करायची तर जोरात फिरवायला लागते आणि डोकं वळवलं की होडी लागल्यासारखं होतं, म्हणून बहुतेक लोक दोन फेऱ्यांच्या आसपास थांबतात.

खाडीपलीकडचा:
बरं बुटका करतो. तो १.२ चा हिशेब आतल्या व्यासावर की बाहेरच्या? करवत हातात आहे.

गुहागरी_गडी:
तीन इंचाचा तुकडा काप म्हटलं ना, दोन्हीकडून बसतं. टोकाला आडवी काडी लाव आणि दोरा बरोब्बर मधोमध, जरा बाजूला गेला तर परत नाचेल.

निवृत्त_मास्तर:
दुसरा तुकडा ठेवा, जोडी पुढच्या वर्षी करता येईल.

रापण:
उरलेलो पाइप टाकू नको रे, माका पागोळीक व्हयो आसा. देवगडाक येतंय गुरवारी.