मदत हवी आहे : ओरॅकल एपेक्समध्ये पहिल्या पानावर ठरवलेली तारीख पुढच्या पानावर रिकामी का होते?

नमस्कार. वाशीच्या कांदा-बटाटा बाजारातील एका गाळ्यावर मी हिशेबाचे आणि संगणकाचे काम पाहते. गाड्यांची आवक, गोण्यांची संख्या, तोलाई, विक्रीचा दर आणि शेवटी शेतकऱ्याच्या नावाने निघणारी पट्टी (विक्रीचा हिशेब) हे सर्व आधी वहीत आणि नंतर एक्सेलमध्ये लिहिले जात असे. दोघांना एकाच वेळी नोंद करता यावी आणि गावाहून फोन करणाऱ्या शेतकऱ्याला त्याच्या मालाचा भाव तिथल्या तिथे सांगता यावा, यासाठी मी ओरॅकल एपेक्सवर, म्हणजे डेटाबेसवर आधारित वेब ॲप्लिकेशन बनवण्याच्या ओरॅकलच्या साधनावर, एक छोटे ॲप्लिकेशन तयार करत आहे. डेटाबेस ओरॅकलच्या मोफत आवृत्तीचा आहे आणि तिची १२ जीबी डेटाची मर्यादा आमच्या नोंदींना पुष्कळ आहे.

माझी समजूत आधी मांडते, म्हणजे चूक नेमकी कुठे आहे ते सांगणे सोपे जाईल. एपेक्समध्ये आपण बनवलेल्या पानाची वेगळी फाईल कुठेही तयार होत नाही. पानावर कोणते रकाने, कोणता रिपोर्ट, कोणते बटण, बटण दाबल्यावर काय करायचे, ही सारी माहिती डेटाबेसमधील टेबलांत नोंदली जाते. ब्राउझरने पान मागितले की ती मागणी ऑर्ड्स, म्हणजे ओरॅकल रेस्ट डेटा सर्व्हिसेस, डेटाबेसपर्यंत नेते. तिथे पीएल/एसक्यूएल या ओरॅकलच्या भाषेत लिहिलेले एपेक्सचे इंजिन त्या नोंदी वाचून त्याच क्षणी एचटीएमएल तयार करते आणि परत पाठवते.

आता अडचण. रात्री उशिरा उतरलेली गाडी आमच्याकडे दुसऱ्या दिवसाच्या बाजारात धरली जाते, त्यामुळे संगणकाची तारीख घेऊन चालत नाही. लॉगिननंतरच्या पानावर बाजाराची तारीख निवडली की ती मी एका पॅकेजमधील (पीएल/एसक्यूएल कोडच्या संचातील) ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवते. त्याच पानावर ती बरोबर दिसते. आवक नोंदीच्या पानावर मात्र तेच व्हेरिएबल रिकामे निघते. एसक्यूएल डेव्हलपर या डेटाबेसशी थेट जोडणाऱ्या प्रोग्राममध्ये तोच कोड चालवला की व्हेरिएबलची किंमत (व्हॅल्यू) टिकते. शिवाय पट्टीच्या पानावर यादीतून शेतकरी बदलल्यावर खालचा रिपोर्ट ताजा होतो, तरी माल आधीच्याच शेतकऱ्याचा दाखवतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध आहे का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १ (ठाणे)

नमस्कार. आपली समजूत बरोबर आहे, आणि दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. एसक्यूएल डेव्हलपर उघडल्यापासून बंद करेपर्यंत आपण डेटाबेसच्या एकाच सेशनमध्ये, म्हणजे एकाच सलग जोडणीत, असता, म्हणून पॅकेजमधील किंमत तिथे जिवंत राहते. एपेक्समध्ये तसे नसते. ऑर्ड्सकडे डेटाबेसच्या जोडण्यांचा एक साठा असतो. प्रत्येक क्लिकसाठी त्यातली एखादी मोकळी जोडणी उचलली जाते, काम झाले की ती साठ्यात परत जाते आणि पॅकेजमधील किमती पुसल्या जातात. तशा त्या पुसल्या गेल्या नसत्या, तर आपली तारीख शेजारच्या संगणकावर बसलेल्या दुसऱ्याच व्यक्तीच्या पानात उमटली असती, आणि ते कितीतरी अधिक घातक ठरले असते.

दोन क्लिकमधले सातत्य राखण्यासाठी एपेक्सचे स्वतःचे सेशन असते. लॉगिन केलेल्या व्यक्तीला एक सेशन क्रमांक मिळतो आणि पानावरील आयटमच्या (रकान्यांच्या) किमती त्या क्रमांकाखाली डेटाबेसच्या टेबलांत ठेवल्या जातात. यालाच सेशन स्टेट म्हणतात. बाजाराची तारीख अनेक पानांवर लागणार असल्यामुळे तिच्यासाठी ॲप्लिकेशन आयटम, म्हणजे कोणत्याही एका पानाचा नसलेला आयटम, तयार करा आणि तारीख निवडल्यावर चालणाऱ्या प्रोसेसमध्ये त्यात किंमत भरा. ब्राउझरमधून ती थेट बदलता येऊ नये, असे बंधनही त्या आयटमवर घालावे. क्वेरीमध्ये आयटमच्या नावाआधी अपूर्णविराम देऊन ती वाचा. अँपरसँडची (&) पद्धत क्वेरीत वापरू नका, कारण तिच्यामुळे किंमत थेट एसक्यूएलच्या मजकुरात चिकटवली जाते आणि इंजेक्शनला, म्हणजे बाहेरून घातक एसक्यूएल घुसवण्याला, वाव मिळतो.

शेतकऱ्याच्या यादीचेही असेच आहे. यादीत नाव बदलले तरी तो बदल तेवढ्यापुरता ब्राउझरमध्येच असतो, आणि रिपोर्टची क्वेरी तर डेटाबेसमध्ये बसून सेशन स्टेटमधली जुनी किंमत वाचते. रिपोर्टच्या सोर्स विभागात ‘पेज आयटम्स टू सबमिट’ नावाचा रकाना आहे. तिथे शेतकऱ्याच्या आयटमचे नाव लिहिले की रिपोर्ट ताजा होताना नवी किंमत सोबत जाईल. एपेक्स शिकणारा जवळपास प्रत्येक जण या रकान्यापाशी अडतो, आणि माझ्या मते कोणत्याही शिकवणीत तो पहिल्याच दिवशी दाखवायला हवा.

धागाकर्ती

मनःपूर्वक आभार. दोन्ही अडचणी सुटल्या. त्यावरून एक पुढचा प्रश्न पडला आहे. चालू पट्टीचा क्रमांकही असाच ॲप्लिकेशन आयटममध्ये ठेवला तर चालेल का? आमचे सहकारी बरेचदा दोन टॅबमध्ये दोन शेतकऱ्यांच्या पट्ट्या उघडून ठेवतात, आणि कधी दोघे जण एकच पट्टी दुरुस्त करत असतात.

प्रतिसाद २ (ठाणे)

पट्टीचा क्रमांक तिथे मुळीच ठेवू नका. पहिल्या टॅबमधून दुसरा टॅब उघडला की दोन्हींचा सेशन क्रमांक एकच राहतो, त्यामुळे दुसऱ्या टॅबमधल्या पट्टीचा क्रमांक पहिल्याच्या जागी बसेल आणि एका शेतकऱ्याची हमाली दुसऱ्याच्या खात्यावर पडू शकेल. तारीख दोन्ही टॅबना समान असते, म्हणून ती तिथे चालते. पट्टीचा क्रमांक मात्र त्या पानाच्याच लपवलेल्या आयटममध्ये, यादीतील लिंकमधून पाठवावा आणि सेव्ह करताना पानासोबत आलेलाच क्रमांक वापरावा. लिंकमधील क्रमांक कोणी हाताने बदलू नये यासाठी त्या पानावर चेकसमचे (लिंक बदलली तर ओळखणाऱ्या पडताळणी-संकेताचे) संरक्षण चालू ठेवा.

एकच पट्टी दोघांनी उघडली असेल, तर फॉर्मच्या प्रोसेसमधील ‘प्रिव्हेंट लॉस्ट अपडेट्स’ ही सोय चालू आहे ना, ते पाहा. पान उघडताना ती ओळ जशी होती तशीच सेव्ह करतानाही आहे का, हे त्या सोयीमुळे तपासले जाते. मधल्या वेळात दुसऱ्याने बदल केला असेल तर नंतरच्या व्यक्तीला सूचना मिळते आणि आधीची दुरुस्ती पुसली जात नाही. ही सूचना वारंवार येते म्हणून सोय बंद करण्याची मागणी आपल्याकडे होईल, पण पैशांच्या नोंदीत ती बंद करणे मला अजिबात मान्य नाही.

आणि बॅकअपबद्दल आत्ताच सांगून ठेवतो, कारण आपण विचारले नसले तरी ते लागणारच आहे. एपेक्समधून ॲप्लिकेशन एक्सपोर्ट केले की एसक्यूएलची जी फाईल मिळते तिच्यात पानांची व्याख्या असते. आवक आणि पट्ट्यांच्या टेबलांमधील नोंदी तिच्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी डेटा पंप या ओरॅकलच्या साधनाने वेगळा बॅकअप रोज घ्या आणि तो गाळ्यावरच्या संगणकाव्यतिरिक्त दुसऱ्या ठिकाणीही ठेवा.