पाठ करून घेतलेली प्रार्थना आणि लेकरांची स्वतःची
एका ताईंनी विचारलंय, पाच वर्षांच्या मुलाला प्रार्थनेतलं काय कळतं, नुसतं पाठांतरच ना? मलाही तसंच वाटायचं.

आम्ही नाशिकरोडला राहतो. माझं आणि थोरल्या भावाचं द्राक्षबागेच्या वाटणीवरून बिनसलं, दीड वर्ष बोलणं बंद. लेकीला ‘प्रभूची प्रार्थना’, म्हणजे येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना, मीच शिकवली. ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’, म्हणजे आमचं वाईट करणाऱ्यांना आम्ही माफ केलंय, ही ओळ तिच्याकडून घोकून घेताना मला काहीच टोचलं नाही. मग एका रात्री आमेनच्या आधी तिनं स्वतःचं जोडलं, “येशूबाप्पा, मोठ्या पप्पांचा गुडघा बरा कर.” भावाचा गुडघा दुखतोय हेही मला माहीत नव्हतं. तिला आजीकडून कळलं होतं. ती लगेच झोपली, मी जागाच.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात शिष्य येशूकडे आणलेल्या लेकरांना अडवतात, तेव्हा येशू शिष्यांवरच रागावतो आणि लेकरांना कवेत घेतो. त्यांना आधी काही पाठ म्हणायला लावत नाही. (आपण चर्चच्या संडे स्कूलमधल्या पाठांतराच्या बक्षिसांपायी हे फार विसरतो.)

फेब्रुवारीत इथल्याच बाळ येशू मंदिराच्या यात्रेला भावाला घेऊन गेलो. वाटणीचं अजून ठरलेलं नाही. गुडघ्याला मात्र उतार आहे.