दर्शन, दृष्टान्त की साक्षात्कार?

अर्धविराम: चित्ररसास्वादाच्या वर्गासाठी टिपा मराठीत करतोय. स्पॅनिश चित्रकार मुरिल्योचं सेव्हिलच्या कॅथीड्रलमधलं १६५६चं चित्र आहे, पादुआच्या संत अँथनीचं. डावीकडे टेबलावर लिलीची फुलं, बाजूला उघडं दार. गुडघे टेकलेला संन्यासी हात पसरून वर बघतोय आणि देवदूतांच्या गराड्यात, ढगांतून, बाळ येशू उतरतोय. मूळ नावात 'व्हिजन' आहे. मी 'संत अँथनीला झालेला दृष्टान्त' लिहिलं. वर्ग घेणाऱ्या बाई म्हणतात दृष्टान्त म्हणजे उदाहरण, 'दर्शन' करा. काय करू?

खडूस: बाईंचं बरोबर आहे. दृष्टान्त हा अलंकार. शाळेत शिकलोय.

मु. पो. वसई: शाळेबाहेरही मराठी आहे हो. मराठी बायबलात पेत्राला, कर्नेल्याला होतो तो दृष्टान्तच. उदाहरणाच्या गोष्टीला तिथे 'दाखला'. येशू लोकांना दाखले देतो म्हटल्यावर लहानपणी मला वाटायचं, शाळा सोडल्याचे देत असणार.

रांजण: आमची आजी म्हणायची, देवीनं दृष्टान्त दिला, विहीर बुजवू नका म्हणून. तुकोबांच्याही स्वप्नात नामदेव पांडुरंगाला घेऊन आले आणि कवित्व करायला सांगितलं. पण हे सगळं झोपेतलं. तुमचा अँथनी टक्क जागा आहे. जागेपणी कसला दृष्टान्त?

मु. पो. वसई: कर्नेल्याला दुपारी तीनच्या सुमारास झाला. वामकुक्षीत नव्हे.

ओसरी: क्रियापदं बघा. दर्शन आपण 'घेतो', त्यासाठी रांग लावतो, घाई असेल तर मुखदर्शनावर भागवतो. दृष्टान्त देव 'देतो'. चित्रात कोण निघून आलंय? बाळ. संत जागच्या जागी आहे. माझं मत दृष्टान्तालाच.

रांजण: देव दर्शनही 'देतो' की! पुंडलिकासाठी विटेवर उभा राहिला, तो काय दृष्टान्त होता?

खडूस: मग 'साक्षात्कार' घ्या.

ओसरी: त्याचा पार चोथा झालाय. हल्ली साक्षात्कार विजेचं बिल आल्यावर होतो.

झिलई: सरळ 'व्हिजन' ठेवा ना. सगळ्यांना कळतं.

खडूस: कळतं म्हणूनच नको. व्हिजन हे पुढाऱ्यांच्या फ्लेक्सवर असतं. बिचाऱ्या संन्याशाने कोणता उड्डाणपूल बांधलाय?

झिलई: दृष्टान्त म्हणजे दृष्टीचा अन्त, डोळ्यांचं काम संपतं तिथे देव दिसतो, असं आमचे कीर्तनकार सांगायचे.

खडूस: कीर्तनात खपेल. दृष्टीचा अन्त असता तर संधी 'दृष्ट्यन्त' झाला असता. हा दृष्ट अधिक अन्त.

पाटोळी: गोव्याकडे बघा की. या चित्राच्या एकच वर्ष आधी, १६५५ साली, रायतूरला साल्दान्य नावाच्या जेझुइट पाद्र्याचं याच संतावरचं पुस्तक छापलं गेलं. नावात 'जीवित्वकथा' असा झकास शब्द आहे. साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या भाषेत सांत आंतोनवर लिहिलेलं असताना इंग्रजीच्या खिडकीतून कशाला बघायचं?

रांजण: आपल्या म्हणजे मराठी की कोंकणी?

पाटोळी: झालं सुरू.

रांजण: सुरू कसलं, साधा प्रश्न विचारला.

ओसरी: तो वाद इथे नको, आठवडा पुरणार नाही. त्यापेक्षा हे ऐका. १८७४ साली या चित्रातून कुणीतरी नेमका संत तेवढा कापून पळवला. चित्र साडेपाच मीटरच्या घरातलं उंच, अख्खं नेणार कसं? तो तुकडा न्यूयॉर्कमध्ये एका चित्रविक्रेत्याकडे विकायला आला. त्याने ओळखला, स्पेनच्या वकिलातीकडे सोपवला, आणि १८७५मध्ये संत पुन्हा चित्रात जोडला गेला. म्हणजे मधले काही महिने सेव्हिलमध्ये दृष्टान्त शाबूत होता आणि ज्याला झाला तो अमेरिकेत.

मु. पो. वसई: आणि हा संत कशासाठी प्रसिद्ध? हरवलेल्या वस्तू शोधून देण्यासाठी! आमच्या घरी किल्ल्या सापडेनात की आधी त्याचा धावा, मग उशीखाली बघायचं.

झिलई: चोराला लिली, टेबल, देवदूत काही नको होतं, फक्त संत. याला म्हणतात व्हिजन.

खडूस: 🙏

अर्धविराम: मंडळी, टिपा उद्या छापायला जातायत. 'संत अँथनी आणि बाळ येशू' असं लिहून मोकळा झालो.

पाटोळी: अँथनी का? आंतोन लिहा.

खडूस: आणि मुरिल्यो की मुरियो, ते कुणी ठरवलं?