ज्येष्ठांची रोजची कामं मोजायला सगळ्या समाजांना एकच तक्ता चालेल का?

हर्णैकर : आमच्याकडे ज्येष्ठांची पाहणी चालू आहे. कोण स्वतःचं किती करतं ते विचारून गुण देतात. यादी मूळची अमेरिकेतल्या लॉटन आणि ब्रॉडी यांची, १९६९ची : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैशांचे व्यवहार. शेजारच्या कोळीण आजींना पैशांत शून्य, कारण बँकेचं मुलगा बघतो. त्याच आजी बंदरावर लिलावात बोली लावतात, कुणाची किती उधारी ते तोंडपाठ. मोहल्ल्यातल्या चाचांना स्वयंपाकात शून्य. त्यांनी जन्मात चूल पेटवलेली नाही! कोळी, कुणबी, कोकणी मुसलमान, कातकरी, ज्याच्या त्याच्या जगण्यातूनच प्रश्न यायला हवेत.

फिजिओ_रत्नागिरी : अजिबात पटलं नाही. प्रत्येक समाजाला वेगळा तक्ता दिलात तर तुलना कशाशी करणार? कातकरी वाडीतल्या म्हाताऱ्यांचे हाल जास्त आहेत हे दाखवून द्यायलाही माप एकच लागतं. अमेरिकी डॉक्टर कॅट्झ यांची १९६३ची यादी बघा : आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, अंथरुणातून उठणं, मलमूत्रावर ताबा, हाताने जेवणं. यात जातधर्म कुठे आला? घरचे म्हणतात, "सून करते ना सगळं." तपासलं की कळतं, हातातली ताकद गेलीय किंवा विसरणं सुरू झालंय. सवलत देत गेलात तर हीच माणसं मोजणीतून निसटतील.

हर्णैकर : त्या सहाही गोष्टी सारख्या नाहीत. आंघोळ एकाकडे नळाखाली, दुसऱ्याकडे विहिरीचं पाणी ओढून. उकिडवं बसणं वेगळं, कमोड वेगळा. गुडघे तेच असून उत्तर बदलतं.

डोंगरवाडी : मी स्वतः पाहणीला जाते. आमच्या तक्त्यात "करत नाही" आणि "जमत नाही" यांना एकच रकाना आहे, खरा घोळ तिथे. लॉटन-ब्रॉडींनी पुरुषांच्या गुणांतून स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं वगळलंच होतं. म्हणजे चाचांचं शून्य मूळ यादीतही बसत नाही. हरयाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात खेड्यातल्या निरक्षर ज्येष्ठांसाठी वेगळी प्रश्नावली केली होती, पण तीही जातवार नव्हती.

फिजिओ_रत्नागिरी : वेगळा रकाना मान्य, वेगळे तक्ते नाहीत. आणि "कधी केलंच नाही" लिहून थांबू नका, "वेळ आली तर जमेल का?" हेही विचारा. मे महिना संपला की चाकरमानी मुंबईला जातात, घरात दोघंच. चाची आजारी पडल्या तर भात कोण लावणार?

हर्णैकर : विचारा जरूर, पण ते त्यांच्या शरीराच्या गुणांत मिसळू नका. ती घराची अडचण आहे, वेगळी नोंदवा. आणि पैशांच्या प्रश्नात बँकेबरोबर मासळीबाजारही हवाच.

डोंगरवाडी : सोमवारी पुढच्या वाडीत जायचंय. हे दोन्ही रकाने पेनाने आखून नेते. वरिष्ठांनी हरकत घेतली तर कारणासकट इथे लिहीन.