ऑगस्टला निघणाऱ्या पोरांचे कपडे: गावाकडून काय शिवून न्यायचं, काय तिकडे घ्यायचं

प्रेषक: धुळ्याहून निघणारा विद्यार्थी
प्रति: मराठी मंडळ, खानदेश गट

सर्वांना सादर नमस्कार.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात बॉस्टनला कॉलेज सुरू होतंय. प्रत्येकी 23 किलोच्या दोन बॅगा नेता येतील. आग्रा रोडवरच्या दुकानात आत्ता जुलैत एकही स्वेटर नाही, आणि जे जाड जॅकेट दाखवतात ते अर्धी बॅग खातं. घरचे म्हणतात की थर्मलचे चार जोड, दोन स्वेटर आणि सूट इथूनच ने. कॉलेजात रोज घालायला आणि नीट दिसायला नेमकं काय लागतं? शिंप्याकडे जायला अजून तीन आठवडे आहेत. धाकटी बहीण पुढच्या वर्षी येईल, तेव्हा मुलींच्या कपड्यांबद्दलही लिहिलंत तर बरं होईल.

प्रेषक: नाना, मूळ अमळनेर, हल्ली न्यू जर्सी

बठ्ठासले राम राम.

बाळा, आधी हवा समजून घे. बॉस्टनला सप्टेंबरात दुपारी सुमारे 22-23 अंश असतं, ऑक्टोबरात 16-17, नोव्हेंबरात 10-11. पहाटे यातून सात-आठ अंश वजा कर. म्हणजे ऑक्टोबरातली पहाट धुळ्या-जळगावच्या जानेवारीतल्या पहाटेपेक्षा फार वेगळी नाही, दुपार मात्र बरीच गार. शिवाय वारा आणि पाऊस असतो. आणि आत-बाहेर फार बदलतं: रस्त्यावर 8 अंश, वर्गात हीटर लावून 21. त्यामुळे एक जाड कपडा कामाचा नाही. तीन पातळ हवेत, आणि वरचे दोन पुढून उघडणारे हवेत, चेनचे किंवा बटणांचे. डोक्यातून काढायचा स्वेटर भरल्या वर्गात काढता येत नाही आणि पोरं घामाघूम बसून राहतात.

मोबाइलवर तापमान फॅरनहाइटमध्ये दिसेल. 60 ला ओव्हरशर्ट (शर्टावर घालायचा जरा जाड, पुढून उघडणारा शर्ट) पुरतो. 50 ला हुडी आणि त्यावर वारा अडवणारं पातळ जॅकेट. 40 च्या खाली कोट लागतोच.

कापडाचं सांगतो. आपण कापूस पिकवणारी माणसं, आपला हात आधी सुताकडे जातो, आणि कोरड्या थंडीत ते चूकही नाही. पण नेहमीच्या दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के ओल धरतं, लोकर सोळा टक्के, पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहून कमी. लोकर ओल पोटात घेऊनही फुगलेली राहते, तिच्यातली हवा टिकते, म्हणून ऊबही टिकते. सूत भिजलं की अंगाला चिकटतं आणि वाऱ्यात अंग गार पाडतं. म्हणून अंगालगत सुती टी-शर्ट (160 ते 180 जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) चालेल, मधे लोकर किंवा फ्लीस (पॉलिस्टरचं मऊ, केसाळ कापड), आणि सगळ्यात वर पाणी न शिरणारं काहीतरी. सुती हुडी पावसात सगळ्यात वर घातली की संध्याकाळपर्यंत वाळत नाही.

हुडी मात्र गावाकडूनच घे. तमिळनाडूतल्या तिरुपूरचा माल चांगला असतो आणि स्वस्त पडतो. 280 ते 320 जीएसएमची बघ. दुकानदाराला आकडा सांगता आला नाही तर कापड ट्यूबलाइटसमोर धर. विणीतून उजेड आरपार दिसला तर ती सप्टेंबरपुरतीच. मनगटाची आणि कंबरेची पट्टी दुप्पट ताणून सोड. लगेच जागेवर आली नाही तर चार धुण्यांत लोंबणार.

थर्मलचा एकच जोड ने. तो डिसेंबरात लागेल. ऑक्टोबरात घातलास तर 21 अंशांच्या वर्गात उतरवणार कुठे? मोठा कोट आणि बर्फातले बूट गावाकडून अजिबात नेऊ नकोस. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी आणि आसपास भाव उतरतात.

प्रेषक: दादा, मूळ पाचोरा, हल्ली कॅल्गरी

नाना, बॉस्टनपुरतं सगळं मान्य. पण ही मेल इतर ठिकाणी निघालेली पोरंही वाचतील, म्हणून थर्मल आणि कोटाबद्दल माझं मत वेगळं मांडतो. कॅल्गरीला सप्टेंबरातही बर्फ पडू शकतो. इथे येणाऱ्याने थर्मलचे दोन जोड आणावेत आणि थँक्सगिव्हिंगची वाट न बघता पहिल्याच पंधरवड्यात कोट घ्यावा. उलट डॅलसला ऑक्टोबरात दुपारी हाफ शर्ट चालतो. आपल्या शहराचं महिनावार सरासरी तापमान बघितल्याशिवाय बॅग भरू नये.

आता पाय. कपडे कितीही जमले आणि पायात चपटा पांढरा कॅनव्हास असला तर पहिल्या पावसात सगळं बिघडतं. ओल्या पानांवरून गुळगुळीत तळवा घसरतो आणि कॅनव्हास मोज्यासकट भिजतो. खाचा असलेला रबरी तळवा हवा, वर लेदर किंवा पाणी न पिणारं कापड. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश असतात: पुरुषांचा आपला 8 म्हणजे अमेरिकेत 9, बायकांचा आपला 5 म्हणजे साधारण 7. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो. जाड मोजा घालून अंगठ्यापुढे अर्धा इंच जागा उरली पाहिजे. बूट घट्ट असला की मोज्यातली हवा दाबली जाते आणि बोटं आणखी गारठतात.

सेकंडहँड दुकानं वगळू नका. लोकरीचा कोट आणि ट्वीडचा ब्लेझर तिथे पुष्कळदा नव्याच्या पाव किमतीत मिळतो. उजेडासमोर धरून कसरीची भोकं बघा, काखेतलं अस्तर उलटून बघा, शिवणी आणि खिशाचे कोपरे ढेकणांसाठी तपासा. खांदा बसत नसेल तर सोडून द्या. बाही आणि कंबर नीट करता येते, खांदा उसवून बसवणं कोटाच्या किमतीहून महाग जातं.

प्रेषक: ताई, मूळ जळगाव, शिवणकाम आणि पॅटर्नकटिंग

नमस्कार मंडळी. नाना आणि दादांनी काय विकत घ्यायचं ते सांगितलं. मी शिवून नेण्याबद्दल लिहिते, कारण अंगावर बेतलेला कपडा हीच आपल्या पोरांची खरी कमाई आहे. तिकडे मापाचा शर्ट शिवणं विद्यार्थ्याच्या खिशाला परवडत नाही. जळगावच्या फुले मार्केटमधून कापड घेऊन ओळखीच्या शिंप्याकडे दिलं तर तेच सहज होतं.

भाऊ, तुझ्यासाठी चार गोष्टी: दोन फ्लॅनेलचे शर्ट, कॉर्डरॉयचा एक ओव्हरशर्ट, एक ब्लेझर आणि दोन पँट.

फ्लॅनेल म्हणजे मऊ लवेचं सुती कापड, ते 150 ते 180 जीएसएमचं घे. 44 इंच पन्ह्याचं कापड फुल शर्टाला अडीच मीटर लागतं, 58 इंचाचं पावणेदोन मीटर. शिंप्याकडे देण्याआधी रात्रभर पाण्यात घालून सावलीत वाळव. सुती कापड पाच टक्के आटलं तर 24 इंची बाही सव्वा इंचाने वर जाते, आणि तिकडच्या ड्रायरमध्ये हे पहिल्याच धुण्यात होतं. शिंपी म्हणेल, “गरज नाही, कापड चांगलं आहे.” तरीही भिजवच.

ओव्हरशर्ट हा शर्टाच्या मापावर शिवून चालत नाही, आणि इथेच बहुतेक बिघडतं. शर्टाला छातीच्या मापापेक्षा 4 इंच सैल ठेवतात. याला 6 ते 7 ठेवायला सांग. खांदा प्रत्येक बाजूला अर्धा इंच वाढव, मुंढा (बाही जोडतात तो काखेचा घेर) पाऊण ते एक इंच खोल, बाही अर्धा इंच लांब. नुसती छाती वाढवली आणि मुंढा तसाच ठेवला तर आत हुडी घातल्यावर काखेत काचतं आणि हात वर केला की आख्खा कपडा वर येतो. माप द्यायला जाताना हुडी घालूनच जा.

कॉर्डरॉयमध्ये इंचाला साधारण 11 रेघांचं मध्यम कापड घे. त्याला लव असते. वरून खाली हात फिरवला तर गुळगुळीत, खालून वर फिरवला तर खरखरीत. सगळे भाग एकाच दिशेने कापायला हवेत. कापड वाचवायला शिंप्याने एक बाही उलटी कापली तर दोन बाह्या दोन वेगळ्या रंगांच्या दिसतील. त्यासाठी कापड 10-15 टक्के जास्त दे, आणि पुठ्ठ्यावर दिशेचा बाण काढून कापडाच्या उलट्या बाजूला टाचून दे. इस्त्री उलट्या बाजूनेच, नाहीतर लव बसते आणि चकाकी येते.

ब्लेझर हातातल्या बॅगेत ठेव. तिकडच्या कॉलेजांत नोकरी देणाऱ्या कंपन्यांचे मेळे सप्टेंबर-ऑक्टोबरातच भरतात. नेव्ही किंवा गडद राखाडी टेरिवूल (पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड), 240 ते 280 जीएसएम. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर संपली पाहिजे. बाहीतून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसावा. दोन बटणांत वरचं लावायचं, खालचं कायम मोकळं. मागच्या कापाला शिंपी जो फुलीचा कच्चा टाका घालतो तो ब्लेझर अंगात घालण्याआधी उसवायचा. कित्येक पोरं तसंच फिरतात. पुढच्या भागाला आत चिकटवलेलं कॅनव्हास (फ्यूजिंग) स्वस्त असेल तर पहिल्या ड्रायक्लीनला छातीवर फुगे येतात, म्हणून चांगलं फ्यूजिंग वापरायला आधीच सांगावं. बाजूच्या शिवणीत एक इंच आणि पँटच्या मागच्या शिवणीत दीड इंच मार्जिन ठेवून घे. मेसचं जेवण सुटलं की पहिल्या वर्षी अंग कमी-जास्त होतं.

पँट सरळ शिव, मोरी (पायाकडचा घेर) 15 ते 16 इंच. कॉलेजात रोज कोणी इस्त्रीची पँट आणि खोचलेला शर्ट घालत नाही, त्याने मुलाखतीला निघाल्यासारखं वाटतं. शर्ट बाहेर, आत साधा टी-शर्ट, वर ओव्हरशर्ट. वरचा कपडा सैल असेल तर खालचा सरळ ठेव. दोन्ही सैल असले तर उंची कमी दिसते.

रंगाबद्दल माझं ठाम मत आहे. आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला विटकरी, मेंदी, हळदी, डाळिंबी आणि बाटली हिरवा हे रंग उठून दिसतात, आणि तिकडच्या पानगळीचेही हेच रंग. फिकट बदामी रंगाने चेहरा उतरलेला दिसतो. पँट फक्त नेव्ही आणि राखाडी ठेवल्या तर वरचं काहीही कशावरही चालतं.

प्रेषक: धुळ्याहून निघणारा विद्यार्थी

ताई, खूप आभार. आजीने गोधडीची बंडी शिवून देते म्हटलंय. ती तिकडे घालता येईल का? की गादीसारखी फुगेल?

प्रेषक: ताई, मूळ जळगाव

घालता येईल, आणि तुझ्याकडे असणाऱ्या कपड्यांत ती सगळ्यात देखणी ठरेल. फक्त थर कमी करायचे. अंथरुणाच्या गोधडीत चार-पाच साड्या जातात. बंडीत वर जुनी मलमलची साडी, मधे जुन्या फ्लॅनेलच्या चादरीचा एकच थर, आत सॅटिनचं किंवा पॉपलिनचं अस्तर. अस्तर गुळगुळीत नसेल तर आतला शर्ट त्यात अडकतो.

साडी उजेडासमोर धरून घड्यांच्या रेषा बघा. तिथे सूत विरलेलं असतं, तो भाग टाळा. ओल्या पांढऱ्या फडक्यावर साडी ठेवून गरम इस्त्री दाबा. डाग पडला तर तो रंग पुढे शर्टावर उतरणार.

बंडी आधी कापून मग टाके घालायचे नाहीत. धावदोऱ्याने कापड गोळा होतं आणि 40 इंचाची बंडी 38 वर येते. तिन्ही थर चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठे ठेवून कच्च्या टाक्याने जोडावेत, सगळे टाके संपल्यावर पॅटर्न (मापाचा कापलेला कागद) ठेवून कापावं. आजी गोधडी कडेकडून आत शिवत असतील. बंडीला मधून कडेकडे यावं, म्हणजे आलेला फुगवटा बाहेर निघून जातो. दोन ओळींत पाऊण इंच अंतर पुरे. शिवणीतलं फ्लॅनेल कापून टाकावं, नाहीतर खांदा जाड होतो. कडेला दीड इंची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी.

ती शर्टावर आणि पावसाच्या जॅकेटच्या आत घाल. भिजली तर दोन दिवस वाळत नाही. गार पाण्यात हाताने धुवून सपाट वाळव. ड्रायर नाहीच.

बहिणीसाठी: कुर्ती 26 ते 28 इंचाची शिवा, जॅकेटच्या खाली डोकावत नाही. 44 इंचाचा कुर्ता न्यायचाच असेल तर त्यावर लांब उघडा कार्डिगन हवा. अडीच मीटरची सुती ओढणी उभी दुमडून मफलरसारखी बसते, वेगळा स्टोल घेऊ नका. दिवाळीच्या कार्यक्रमाला साडीखाली ब्लाऊजऐवजी बंद गळ्याचा फुल बाह्यांचा विणलेला टॉप चांगला दिसतो, पण पिन थेट टॉपला लावली की विण सुटते. आतून दोन इंचाचा कापडाचा तुकडा ठेवून त्यातून पिन काढायची. परकराखाली फ्लीसची लेगिंग येणार असेल तर परकर कंबरेला पाऊण इंच सैल शिवा, आणि बूट सपाट असतील तर निऱ्या एक इंच वर खोचायच्या.

प्रेषक: नाना, मूळ अमळनेर

ताईंनी ड्रायर काढला म्हणून जोडतो. सुती कपडे कमी तापमानावर फिरवा आणि किंचित ओले असतानाच काढून हँगरला लावा. लोकर मशीनमध्ये घुसळली की धाग्यांचे खवले एकमेकांत अडकतात आणि स्वेटर लहान मुलाचा होतो. तो पुन्हा ताणून येत नाही. नवी गडद जीन्स पहिल्या दोन वेळा उलटी करून, गार पाण्यात, एकटीच. आणि 1 ऑगस्टच्या आत शिंप्याकडून कपडे ताब्यात घे. एकदा धुवून, घालून बघ. ऑल्टरेशनसाठी दहा दिवस हाताशी राहिले पाहिजेत, कारण त्या दिवसांत पोळ्याची आणि गणपतीची कामं दुकानात येऊन पडलेली असतात.