डाळिंबांच्या सिनेमाबद्दल मदत हवी आहे

मंडळी, आमचा दहा-बारा सिनेमावेड्यांचा कट्टा आहे. येत्या रविवारी दिग्दर्शक सर्गेई पाराजानोव्हचा 'द कलर ऑफ पोमग्रॅनट्स' (१९६९) दाखवू या, असं मी बोलून गेलो आणि प्रास्ताविक माझ्याच गळ्यात पडलं.

विषय आहे अठराव्या शतकातला आर्मेनियन कवी-गायक सायात नोवा. आपल्या शाहिरांच्या जवळचा माणूस. पण चरित्रपट समजून बघायला बसलं की पंचाईत होते, कारण सलग गोष्ट अशी नाहीच. कॅमेरा जवळपास जागचा हलत नाही. पांढऱ्या कापडावर तीन डाळिंबं, खालून लाल रस हळूहळू पसरतोय. भिजलेल्या पोथ्या मठाच्या छपरावर वाळत घातल्यात, वाऱ्यावर पानं फडफडतायत आणि मधोमध पोरवयातला सायात नोवा. मला तेवढ्यानेच पुरतं खाऊन टाकलं.

अडचण अशी, की याच्या दोन आवृत्त्या आहेत. एक आर्मेनियात प्रदर्शित झालेली आणि दुसरी दिग्दर्शक युत्केविचने सोव्हिएत अधिकाऱ्यांसाठी (आर्मेनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता) पुन्हा कापून जोडलेली. २०१४ मध्ये नव्याने दुरुस्त केलेली प्रत कुणी पाहिली आहे का? नवख्यांना कोणती दाखवू?

शिवाय सोफिको चियाउरेली ही अभिनेत्री तरुण कवी आणि त्याची प्रेयसी, दोन्ही भूमिका करते. हे आधीच सांगावं की त्यांचं त्यांना कळू द्यावं?

आर्मेनियाच्या राजधानीत, येरेवानला, मेडिकलला असलेलं कुणी इथे असेल तर सिनेमातले गालिचे, मेंढ्या, डाळिंबं यांचा तिथल्या लोकरीतीतला अर्थ जरूर सांगा. गूगलवरची पोपटपंची वाचून दाखवायची नाहीये.