मदत हवी आहे: घरीच शिकणाऱ्या मुलांना मध्ययुग शिकवायला कोणती पुस्तकं घ्यावीत?

तापीकाठ (धागाकर्ती)

मुलगी १२ वर्षांची, मुलगा ९ चा. दोघंही शाळेत जात नाहीत, घरीच शिकतात. राहायला चोपडा तालुक्यात. प्राचीन भारत आटोपला आहे. जूनपासून यादवकाळ ते पेशवाई असं वर्षभर घ्यायचा विचार आहे. अडचणी अशा:

१) दुकानात मुलांसाठी इतिहास मागितला की शिवचरित्रांचा गठ्ठा पुढे येतो. देवगिरी पडल्यापासून शिवरायांच्या जन्मापर्यंतची तीनशे वर्षं कुठल्या पुस्तकातून शिकवायची?

२) दोघांना एकत्र बसवायचं आहे. वाचन मराठीतच, मुलीला इंग्रजी जेमतेम.

३) ऐतिहासिक कादंबऱ्या आत्ताच द्याव्यात का?

४) लढाया, लूट, देवळांची मोडतोड हे नऊ वर्षांच्या मुलापुढे किती आणि कसं मांडायचं?

पुस्तकांसाठी दोन हजार रुपयांपर्यंत खर्च करता येईल. जाणकारांनी कृपया सांगावं.

गिरणाथडी

ताई, पाया म्हणून बालभारतीचं इयत्ता सातवीचं इतिहासाचं पुस्तक धरा. पीडीएफ फुकट मिळते. पाठ्यपुस्तकं बदलत राहतात, त्यामुळे आजच उतरवून ठेवा. त्यात ‘इतिहासाची साधने’ हा पहिलाच पाठ आहे, आणि पुढे शिवपूर्वकालीन भारत व शिवपूर्वकालीन महाराष्ट्र असे वेगळे पाठ आहेत. तुम्ही विचारलेली तीनशे वर्षं मराठीत मुलांना झेपेल अशी, थोडक्यात का होईना, तिथे सापडतात. धाकट्याला चौथीचं ‘शिवछत्रपती’ द्या, पण वर्षाच्या उत्तरार्धात. सुरुवातच त्याने केली तर त्याआधीचं सगळं त्याला प्रस्तावना वाटेल.

पाठ्यपुस्तक कोरडं असतं, म्हणून ते नुसतं वाचायला देऊ नका. आठवड्यात तीन बैठका, प्रत्येकी चाळीस मिनिटं. पहिलीत तुम्ही मोठ्याने वाचा आणि मुलांनी ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगायचं (आहिराणीत सांगितलं तरी उत्तम, गोष्ट तोंडी बसली पाहिजे). दुसरीत नकाशा. तिसरीत एखादं मूळ साधन: शिलालेख, पत्र, नाणं किंवा प्रवाशाच्या वर्णनातला उतारा. मुलीने तिसऱ्या बैठकीचं टिपण लिहावं, मुलाने चित्र काढावं.

कालपट्टी पहिल्याच आठवड्यात भिंतीवर लावा. खाकी कागदाच्या गुंडाळीतून अडीच मीटर पट्टी कापा, एका शतकाला ३० सेंटिमीटर. म्हणजे वर्षाला ३ मिलिमीटर पडतात आणि १००० ते १८०० हा काळ २४० सेंटिमीटरमध्ये बसतो. शिवरायांची पन्नास वर्षं पंधरा सेंटिमीटर होतात, तर आपल्या खानदेशावरच्या फारुकींची सत्ता (१३८२ ते १६०१) जवळपास ६६ सेंटिमीटर. पट्टीचा एवढा तुकडा रिकामा दिसला की मुलं आपणहून विचारतात, इथे काय होतं?

जुनी पोथी

हा ६६ सेंटिमीटरचा तुकडा भरायला मुलांसाठीचं तयार पुस्तक शोधत बसू नका. बाजारात जे मिळतं त्यात फारुकी म्हणजे एक परिच्छेद, तोही अकबराने बुऱ्हाणपूरजवळचा असीरगड घेतला एवढ्यापुरता. त्यापेक्षा पालकाने वाचून दोन-दोन पानांचे पाठ स्वतः लिहावेत. साहित्य फुकट आहे: मराठी विश्वकोशातल्या नोंदी, आणि जळगाव व धुळे जिल्ह्यांची गॅझेटियर (जिल्ह्याची सरकारी माहितीपुस्तकं). १८८० चं खानदेशचं इंग्रजी गॅझेटियरही माहितीने भरलेलं आहे, पण ते इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेलं. भिल्लांविषयीची त्यातली शेरेबाजी जशीच्या तशी मुलांपुढे ठेवू नका. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचं ग्रंथालय आहे, विकत घ्यायच्या आधी तिथे पुस्तकं चाळून या.

चार पाठ पुरेत.

थाळनेर. फारुकी घराण्याचा संस्थापक मलिक राजा, तापीकाठची पहिली राजधानी, फारुकींच्या कबरी. चोपड्याहून एका दिवसात बघून होतं. आधी पाठ, मग जागा, या क्रमाने जा. उलट केलं तर मुलांना फक्त पडके घुमट दिसतात.

असीरगड कसा घेतला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की मलिक राजाचा मुलगा नसीर खान याने डोल्यांत बायकांऐवजी सैनिक बसवून गडाचा मालक आसा अहीर याला फसवलं. फिरिश्ताने हे दोनशे वर्षांनी लिहिलं, आणि शेरशहाने रोहतासगड घेतला त्याबद्दलही अशीच डोल्यांची कथा सांगतात. बारा वर्षांच्या मुलीला एवढंच विचारा: एकच युक्ती दोन किल्ल्यांवर सांगितली जात असेल तर आपण काय समजायचं?

अकबराचा वेढा. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल म्हणतो किल्ल्यात रोगराई पसरली. अकबराच्या दरबारातले जेसुइट (ख्रिस्ती) पाद्री म्हणतात अकबराने शब्द मोडला आणि अधिकारी पैशाने फोडले. दोन्ही बाजू एका पानावर समोरासमोर लिहा. साधनं ताडून कशी पाहायची हे शिकवायला घराजवळ याहून चांगलं उदाहरण नाही.

१६३० ते १६३२ चा दुष्काळ. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी वाट नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा अशी होती. पीटर मंडी हा इंग्रज १६३० च्या अखेरीस सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे निघाला आणि वाटेत दिसलेली उपासमार त्याने लिहून ठेवली. १६३० मध्ये शिवजन्म, जून १६३१ मध्ये बुऱ्हाणपुरात मुमताज महलचा मृत्यू, आणि याच दुष्काळात तुकोबांच्या घराची झालेली वाताहत. पुस्तकांत हे तीन वेगवेगळ्या प्रकरणांत येतं, ते एकाच पानावर आणा.

यादवकाळासाठी चाळीसगावजवळचं पाटणं सोडू नका. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथला. मुख्य भाग संस्कृत, शेवटचा दानाचा तपशील त्या काळच्या मराठीत. गणित आवडणाऱ्या मुलांना इतिहासाकडे आणायला हा पाठ फार उपयोगी पडतो.

तापीकाठ

दोघांचे मनापासून आभार. आणखी एक अडचण: घरातल्या दोन जुन्या पुस्तकांत तारखा जुळत नाहीत. शिवजन्म एकात १६२७, दुसऱ्यात १६३०. आणि शक १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात. मुलगी यावर अडून बसली आहे.

पंचांगवाले

मुलीचं अडणं योग्य आहे. शकात ७८ मिळवायचे ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तिथ्यांना. १ जानेवारी ते फाल्गुन अमावास्या या टप्प्यातल्या तिथ्यांना ७९ मिळवायचे, कारण इंग्रजी वर्ष बदललेलं असतं पण शक पाडव्यालाच बदलतो. फाल्गुन वद्य ३, शके १५५१ म्हणजे १५५१ + ७९ = १६३०, तारीख १९ फेब्रुवारी. १६२७ ही बखरींवरून आलेली जुनी तारीख. जेधे शकावलीतल्या (जेधे घराण्याकडच्या तारीखवार टिपणातल्या) नोंदीने १६३० ला बळ मिळालं आणि राज्य सरकारनेही तीच धरली.

दुसरा घोळ दहा दिवसांचा. सतराव्या शतकातले इंग्रज जुनी, म्हणजे ज्युलियन दिनगणना वापरत. राज्याभिषेकाची ६ जून १६७४ ही तारीख त्याच गणनेची आहे, आजच्या गणनेने ती १६ जून होते. तिथी, ज्येष्ठ शुद्ध १३ शके १५९६, दोन्हीकडे तीच. वहीत तिथी आणि तारीख दोन्ही लिहायची सवय लावा.

पुस्तक विकत घेण्याआधी हीच कसोटी लावा. १६२७ छापून पुढे एक ओळही खुलासा नसेल तर ठेवून द्या. मग मागची पानं बघा: सूची आहे का, साधनांची यादी आहे का. नकाशात आजच्या राज्यांच्या सीमा रंगवून त्यावर बहमनी राज्य दाखवलं असेल तर तो नकाशा मुलांना चुकीचंच शिकवणार.

गिरणाथडी

राहिलेले दोन प्रश्न. कादंबऱ्या मुलीला वर्षाच्या शेवटी द्या, त्या घटनेचा पाठ झाल्यावरच. आधी दिल्या तर कादंबरीतले संवाद तिच्या डोक्यात पुरावा म्हणून बसतात आणि नंतर ते निघता निघत नाहीत. चित्रकथांचंही तसंच, त्यातले पोशाख आणि शस्त्रं चित्रकाराच्या कल्पनेतली असतात. नऊ वर्षांच्या मुलाला त्या चालतील, फक्त तसं सांगून द्या.

लढाया आणि मोडतोड लपवू नका, पण क्रौर्याचं वर्णनही वाचून दाखवू नका. काय झालं, कोणी केलं, का केलं, सोसावं कोणाला लागलं, एवढं चार वाक्यांत. ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ हे शब्द टाळा, नावं घ्या: निजामशाही, मोगल, मराठे. १६८१ च्या सुरुवातीला मराठी फौजेने बुऱ्हाणपूरचं बहादूरपुरा हे उपनगर लुटलं, तेही तितक्याच सरळपणे सांगा. भीमसेन सक्सेना बुऱ्हाणपूरचाच, मोगलांच्या चाकरीतला, तरी मोगल कारभाराचे दोष स्पष्ट लिहिणारा. त्याचा वृत्तांत सेतुमाधवराव पगडींनी मराठीत आणला आहे. तो तुम्ही वाचा आणि निवडक उतारेच मुलांना द्या.

दोन हजारांचं म्हणाल तर चौथी-सातवीची पुस्तकं छापील घ्या, एक चांगला ऐतिहासिक नकाशासंग्रह घ्या, पगडींचं पुस्तक मिळालं तर घ्या. उरलेले पैसे थाळनेर, पाटणं आणि बुऱ्हाणपूरच्या प्रवासाला ठेवा. बुऱ्हाणपूर भुसावळहून रेल्वेने तासाभराच्या अंतरावर. तिथल्या जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, तो मुलीला स्वतः शोधू द्या. असीरगड तिथून पुढे साधारण वीस किलोमीटर. चढ आणि ऊन दोन्ही आहेत, म्हणून नोव्हेंबर ते जानेवारीतच जा आणि गाडी सकाळची पकडा.